वर्षावास वाचन: रोहिणीचं पाणी आणि धर्मानंद कोसंबी



वर्षावासात आपण रोज थोडं थोडं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतोय. आज पहिल्या खंडातला तो भाग आला, जिथे शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण पेटतं. पाणी आधी कुणी घ्यायचं आणि किती घ्यायचं, एवढाच मुद्दा. संघाची सभा भरते, युद्धाचा ठराव येतो. सिद्धार्थ एकटा उभा राहून विरोध करतो. दोन्ही बाजूंची माणसं निवडा, बसून चौकशी करा, असं तो सुचवतो. बहुमत त्याच्या विरोधात जातं. त्याच्या घरादारावर बहिष्कार टाकायची, जमीन जप्त करायची धमकी येते, तेव्हा घरच्यांवर संकट नको म्हणून तो स्वतःहून देश सोडायचं मान्य करतो.

मी देवळाली प्रवऱ्याचा. माझ्यासारख्याला हा भाग समजावून सांगावा लागत नाही. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेतून आणि पाटातून खाली येतं. आवर्तन कधी सुटणार, आपल्या चारीला किती दिवस मिळणार, वरच्यांनी रात्रीतून किती फोडून घेतलं, यावर आमच्याकडे चुलतभाऊ एकमेकांशी बोलायचे थांबतात. पुढे हेच भांडण जिल्ह्याचं होतं. जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की नगर-नाशिक एकीकडे आणि मराठवाडा दुसरीकडे. अडीच हजार वर्षांपूर्वीची रोहिणी आणि आजची प्रवरा यांत फरक फक्त मोजणीच्या यंत्राचा आहे.

तुमच्यापैकी बरेच जण आता पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहता. तिथेही टँकरच्या पैशांवरून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे विषय तुमचाही आहेच.

आज मात्र मला सुत्तापेक्षा एका माणसाबद्दल लिहायचंय. बुद्धाने घर सोडलं ते म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पहिल्यांदाच पाहून, ही गोष्ट मराठी वाचकांनी तपासून पाहावी, असं ज्यांनी अभ्यासाच्या जोरावर सांगितलं ते धर्मानंद कोसंबी. सुत्तनिपातातल्या अट्ठकवग्गात 'अत्तदण्ड' नावाचं सुत्त आहे. आटत चाललेल्या पाण्यात मासे जसे तडफडतात, तशी माणसं एकमेकांना भिडलेली पाहून मन कसं हादरलं, हे त्यात येतं. कोसंबींनी या सुत्ताकडे बोट दाखवलं. हातात शस्त्र घेतलेल्या माणसांची भीती आणि किळस, हे त्यांच्या मते गृहत्यागाचं जुनं, खरं कारण. आज वाचलेल्या पानांकडे जाणाऱ्या वाटेवर हा माणूस बाबासाहेबांच्या आधी चालून गेलेला आहे.

गोव्याच्या माडांमधला मुलगा

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा. तेव्हा तिथे पोर्तुगीजांचं राज्य. घर सारस्वत ब्राह्मणाचं, माडाच्या बागा असलेलं, पण परिस्थिती ओढगस्तीची. शाळा फारशी झाली नाही. तब्येत नाजूक. लहान वयातच बाळाबाईंशी लग्न झालं आणि मुलगा बागेच्या कामाला लागला. मधूनमधून त्यांना उदासी घेरायची. आपलं आयुष्य नारळ मोजण्यात संपणार, ही बोचणी.

अशात 'बालबोध' नावाचं मुलांचं मासिक हाती पडलं. त्यात बुद्धाचं छोटंसं चरित्र होतं. लहान मुलांसाठी लिहिलेली ती काही पानं वाचून या तरुणाच्या मनाने पक्कं केलं, की या माणसाचं म्हणणं मुळापासून समजून घ्यायचं. हे वय साधारण विशीचं. म्हणजे तुमचं वय. आज आपण दिवसभरात मोबाईलवर शंभर गोष्टी वाचतो आणि झोपताना एकही आठवत नाही. त्यांनी एक वाचली आणि तिच्यापाठी आयुष्य लावलं.

१८९९ मध्ये मुलगी झाली, माणिक. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडलं.

इथे जरा थांबू या. आज वाचलेल्या भागात बाबासाहेबांचा सिद्धार्थ रात्री चोरून निघून जात नाही. तो आईवडिलांशी बोलतो, यशोधरेशी बोलतो आणि ती त्याला संमती देते. कोसंबींच्या बाबतीत बाळाबाईंच्या वाट्याला काय आलं? कडेवर तान्ही मुलगी आणि साधारण सात वर्षांची वाट पाहणी. धर्माचा शोध घेणाऱ्या पुरुषाचं चरित्र लिहिताना ही सात वर्षं एका ओळीत उडवायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. त्या काळात घर चालवणारी बाईसुद्धा काहीतरी सहन करत होती, काहीतरी सांभाळत होती. तिच्या क्षांतीला कुणी पारमिता म्हटलं नाही इतकंच.

सात वर्षांची पायपीट

पहिला मुक्काम पुणे. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची गाठ पडली. संस्कृत शिकायचं तर काशीला जायला हवं, म्हणून ग्वाल्हेरमार्गे काशी. खिशात पैसे नाहीत, अन्नछत्रात जेवायचं आणि पंडितांकडे पाठ घ्यायचा. १९०२ मध्ये ते नेपाळला गेले. बुद्ध जिथे जन्मला त्या भागात बुद्धाचा धर्म जिवंत असेल, ही आशा. तिथे जे दिसलं त्याने निराशाच पदरी आली. मग बोधगया, कलकत्ता आणि शेवटी सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय विहारात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली ते श्रामणेर झाले, पाली शिकू लागले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन भिक्षू झाले, ध्यान शिकले.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. गोवा, पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, गया, कलकत्ता, कोलंबो, मद्रास, ब्रह्मदेश. रेल्वेचा तिसरा वर्ग, पायी चालणं, न सोसणारं अन्न, वारंवारची आजारपणं. हे सगळं कशासाठी, तर आज आपण मोबाईलवर फुकट उघडतो ती सुत्तं मूळ भाषेत वाचता यावीत म्हणून.

चीवर उतरवलं

१९०६ मध्ये त्यांनी चीवर उतरवलं. आपल्याकडे याला कुणी कुणी माघार म्हणेल. संन्यासी गृहस्थ झाला म्हणजे घसरला, अशी आपली समजूत. अनेक थेरवादी देशांत तसं मानत नाहीत. काही काळ भिक्षू राहून परत संसारात येणं तिथे सर्रास चालतं. कोसंबींपुढचा प्रश्न साधा होता. जे शिकलो ते माझ्या माणसांपर्यंत कसं न्यायचं? कलकत्त्याला पाली शिकवायची नोकरी मिळाली. ते गोव्याला गेले, बाळाबाईंना भेटले, संसार पुन्हा सुरू झाला. १९०७ मध्ये मुलगा झाला, दामोदर. हेच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगाला माहीत झालेले डी. डी. कोसंबी.

त्यानंतरचा एक निर्णय मला फार आवडतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना ५० रुपये देऊ केले. अट अशी, की महाराष्ट्रात राहायचं आणि पुस्तकं लिहायची. कलकत्त्यात यापेक्षा पुष्कळ जास्त मिळत होतं. कोसंबींनी ५० रुपये घेतले. बायको आहे, मुलं आहेत, हे विसरून नव्हे. मराठीत बुद्ध सांगायचा तर मराठी मुलखात राहायला हवं, हा हिशोब. बडोद्याला दिलेल्या व्याख्यानांचं 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक १९१० मध्ये आलं.

सम्यक आजीव म्हणजे काय, असं कुणी विचारलं की आपण यादी देतो: शस्त्रांचा व्यापार नको, मद्याचा नको, विषाचा नको. ती यादी आहेच. पण पॅकेजचा आकडा आणि कामाचा अर्थ समोरासमोर आले तर काय उचलायचं, हाही आजीवाचाच प्रश्न. आणि कोसंबींसारखं उत्तर द्यायचं तर घरच्यांना सोबत घेऊन द्यावं लागतं, कारण त्या ५० रुपयांत एकटे कोसंबी जगणार नव्हते.

हार्वर्ड ते फर्ग्युसन

१९१० मध्ये प्रा. जेम्स वूड्स यांच्या बोलावण्यावरून कोसंबी अमेरिकेला, हार्वर्ड विद्यापीठात गेले. आचार्य बुद्धघोषांचा 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या विद्वानाने संपादित करायला घेतला होता. तो १८९९ मध्ये वारला आणि काम अर्धवट राहिलं. ते पुरं करायची जबाबदारी कोसंबींवर आली. शाळा फारशी न झालेला, इंग्रजी उशिरा शिकलेला माणूस हार्वर्डच्या ग्रंथालयात बसून पाठभेद लावत होता. मात्र पुस्तकावर नाव कसं यावं, श्रेय कुणाला किती, यावरून तिथल्या प्राध्यापकांशी बिनसलं आणि १९१२ मध्ये ते परतले. पुढे त्याच कामासाठी पुन्हा पुन्हा गेले. १९१८ च्या फेरीत माणिक आणि दामोदर दोघांनाही सोबत नेलं. तान्ही असताना जिला सोडून गेले होते, त्या मुलीला त्यांनी अमेरिकेत शिकवलं. झालेलं भरून येतं असं मी म्हणणार नाही. पण त्या काळात मुलीला इतक्या दूर शिक्षणासाठी नेणं, ही बापाने केलेली मोठी गोष्ट होती.

हार्वर्डचा तो ग्रंथ छापून आला १९५० मध्ये, वॉरन आणि कोसंबी दोघांच्या नावाने. तेव्हा कोसंबी हयात नव्हते. मधल्या काळात त्यांनी स्वतः देवनागरीत 'विसुद्धिमग्ग' तयार केला, तो १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने काढला. श्रेयावरून झालेला वाद मनात ठेवून काम टाकून दिलं असतं, तर देवनागरी वाचणाऱ्याच्या हाती ते पान आलंच नसतं.

अमेरिकेहून परतल्यावर १९१२ ते १९१८ त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळाली, त्यामागे त्यांची खटपट होती. याच काळात 'बुद्धलीलासारसंग्रह' लिहिलं. मग गुजरात विद्यापीठ. १९२४ मध्ये 'निवेदन' हे आत्मचरित्र पुस्तकरूपाने आलं. पुढच्याच वर्षी 'समाधिमार्ग'. हे छोटं पुस्तक ध्यान करणाऱ्यांनी जरूर मिळवावं. चाळीस कर्मस्थानांची ओळख साध्या मराठीत आहे, गूढ काही नाही.

मैत्रीची उतरंड

'विसुद्धिमग्ग' वाचायला घाबरू नका. त्यातला मैत्री भावनेचा भाग तर घरगुती म्हणावा इतका व्यवहारी आहे. बुद्धघोष सांगतात, की सुरुवात शत्रूपासून करू नका, मनात राग येईल. आधी स्वतःपासून सुरू करा. मग ज्यांच्याबद्दल आदर आहे असं माणूस, मग जवळचा मित्र, मग ज्याच्याशी ना देणं ना घेणं असा माणूस, आणि सगळ्यात शेवटी वैरी. वैऱ्यापाशी आलं की राग उसळणारच. तेव्हा मागे फिरा, पुन्हा आधीच्या पायरीवर बसा. त्या माणसातला एखादा तरी बरा गुण आठवा. नाहीच आठवला तर त्याची कीव करा. एकेक उपाय सांगत शेवटी ते म्हणतात, काहीच जमत नसेल तर त्याला काहीतरी द्या, त्याच्याकडून काहीतरी घ्या. दानाने राग वितळतो.

हा शेवटचा उपाय आमच्या चारीवर चालतो, हे मी पाहिलंय. शेजारच्या शेताशी दोन हंगाम बोलणं बंद होतं, पाण्याच्या पाळीवरूनच. एका रात्री दारं धरायला गेलो तर शेजारचे काका थंडीत एकटेच बसलेले. थर्मासमधला चहा होता, अर्धा त्यांना दिला. बोलणं काहीच झालं नाही. दोन दिवसांनी त्यांनी आमच्या वाफ्याकडे फुटलेलं पाणी स्वतः फावड्याने वळवून दिलं. पाळीचा वाद अजून मिटलेला नाही. पण आता तो दोन माणसांमधला वाद आहे, दोन वैऱ्यांमधला नाही. एवढा फरक पुरतो, कारण मग बसून बोलता येतं. सिद्धार्थ सभेत हेच मागत होता: बसा आणि चौकशी करा.

तुरुंग आणि परळ

कोसंबी ग्रंथालयात बसून राहिले नाहीत. १९३० चा मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. ते त्यात उतरले आणि तुरुंगात गेले. अमेरिकेत असताना त्यांनी समाजवादाचाही अभ्यास केला होता. दुःखाचं मूळ तृष्णा, हे खरं. पण गिरणीत बारा तास राबणाऱ्याचं दुःख फक्त त्याच्याच तृष्णेतून येत नाही, मालकाच्या तृष्णेतूनही येतं, हे त्यांना दिसत होतं.

म्हणून १९३७ मध्ये मुंबईला परळच्या गिरणगावात बहुजन विहार उभा राहिला, तेव्हा कोसंबी तिथे राहायला गेले. हार्वर्डला शिकवून आलेला माणूस कामगारांच्या वस्तीत. त्यानंतर आलं 'भगवान बुद्ध', मराठी घराघरात गेलेलं त्यांचं पुस्तक. त्याची कितीतरी भाषांत भाषांतरं झाली.

साधारण त्याच काळात, १६ डिसेंबर १९३९ ला, आमच्या शेजारी श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला बाबासाहेब आले होते, महार वतनाच्या परिषदेसाठी. आमच्या भागातले म्हातारे आईबापांकडून ऐकलेल्या त्या दिवसाबद्दल अजून बोलतात. एकीकडे विहारात बसून बुद्धाचं चरित्र लिहिलं जात होतं, दुसरीकडे वतनाच्या बेड्या तोडायला माणसं गोळा होत होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात या दोन वाटा एक झाल्या. कोसंबींना तो दिवस पाहायला मिळाला नाही.

शेवट

कोसंबींच्या शेवटाबद्दल लिहिताना मी जपून लिहितो. म्हातारपण, आजार, आणि आपण आता कुणाच्या उपयोगाचे नाही ही भावना. उत्तर आयुष्यात पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. त्यांनी अन्न सोडायचं ठरवलं. गांधीजींनी एकदा त्यांना थांबवलं. अखेर सेवाग्राम आश्रमात जून १९४७ मध्ये त्यांचं निधन झालं. गांधीजींनी प्रार्थनासभेत त्यांची आठवण काढली.

हा मार्ग बुद्धाने शिकवलेला नाही. भगवंतांनी अतिरेकी देहदंड स्वतः करून पाहिला आणि सोडला. एखाद्याचं आयुष्य आदर्श वाटलं म्हणून त्याचा प्रत्येक निर्णय उचलायचा नसतो. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस आपण ओझं झालोय असं बोलत असेल, तर त्याच्याजवळ बसा, त्याला काम द्या, गप्पा मारा. आणि स्वतःला तसं वाटत असेल तर कुणाशी तरी आजच बोला. तो आपला धम्म.

आपल्यासाठी काय

मला अनेक जण विचारतात, की दहा दिवसांच्या शिबिरात मन शांत होतं, इगतपुरीहून परत आलं की चार दिवसांत सगळं गेलं. मग खरा धम्म म्हणजे नोकरी सोडणं का? कोसंबींचं आयुष्य माझ्यापुरतं याचं उत्तर देतं. त्यांनी सगळं सोडून पाहिलं, चीवर घालून पाहिलं. नंतरची चाळीस वर्षं मात्र वर्गात, छापखान्याच्या मुद्रितांवर, घरात, तुरुंगात आणि कामगारांच्या चाळींमध्ये गेली. शील, समाधी, प्रज्ञा या तिन्हींना जागा लागते, ती जागा त्यांना चीवराबाहेरही मिळाली. आणि जे घर मागे राहिलं होतं, त्याच्याकडे ते परत आले. उशिरा आले, पण आले.

सिगालोवाद सुत्तात भगवंत सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या तरुणाला सांगतात, की दिशा म्हणजे माणसं: आईवडील, गुरू, बायकामुलं, मित्र, कामाची माणसं आणि श्रमण. रोजचा सराव यांच्यातच होतो. उशी टाकून बसणं ही तयारी.

आजचा सराव, तीन छोट्या गोष्टी:

एक, सकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी थांबा. आज ज्या ग्रुपवर वाद चालू आहे, तिथे पाठवायचा मेसेज आधी मनात वाचा आणि मग ठरवा.

दोन, रात्री दहा मिनिटं मैत्री भावना. क्रम तोच, आधी स्वतः. वैऱ्यापर्यंत पोहोचलात नाही तरी चालेल.

तीन, घरात तुमच्या साधनेचा भार कोण उचलतंय ते पाहा. तुम्ही ध्यानाला बसता तेव्हा चहा कुणी केला, मूल कुणी सांभाळलं? आज तिचं किंवा त्याचं एक काम तुम्ही करा, न सांगता.

उद्या वाचनात परिव्रज्येचा भाग येईल. कपिलवस्तूतून निघताना सिद्धार्थ कुणाकुणाचा निरोप घेतो, ते नीट बघा. यशोधरेची पानं घाईने उलटू नका.

सर्वांचं मंगल होवो. नमो बुद्धाय, जय भीम.